घाटात तिसरा सिलिंडर मरतो, चहा पिऊन आलं की जिवंत होतो: इंजेक्टर रेझिस्टरचं दुखणं

गाडी २००१ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक. मागाहून बसवलेला छोटा टर्बो, स्टँडअलोन ईसीयू (इंजिन सांभाळणारा, बाहेरून घेतलेला कॉम्प्युटर) आणि मूळ इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे नळ, काढून त्यांच्या जागी ४५० सीसीचे लो इंपिडन्स, म्हणजे कमी ओहमचे इंजेक्टर. दुखणं असं, की कोल्हापुरात काही नाही, हायवेला काही नाही, गॅरेजच्या दारात तर मुळीच नाही. वैभववाडीकडून करूळ घाट चढायला लागलं की दहा-बारा मिनिटांत गाडी तीन पायांवर येते. बॉनेट थरथरतं, पिकअप जातो, सायलेन्सरमधून कच्च्या हवेची भकभक सुरू होते. गगनबावड्याला चहाला थांबून पुन्हा चावी मारली की चारही सिलिंडर जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू.

असं तीन वेळा झालं. ज्यांची गाडी गरम झाल्यावरच मिसिंग मारते आणि मेकॅनिकपुढे नेली की गरीब गायीसारखी उभी राहते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मिसिंगची कारणं शंभर असतात. पण गाडीत लो इंपिडन्स इंजेक्टर असतील आणि त्यांचा करंट आवरणारे रेझिस्टर कुणीतरी हातानं बसवलेले असतील, तर माझे दोन महिने आणि बरेच पैसे तुमचे तरी वाचतील. आमच्या गाडीतला तो ‘कुणीतरी’ मीच होतो, हे आधीच सांगून टाकतो.

आधी काय काय बदललं

प्लग बदलले. प्लग वायरी बदलल्या. डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर बदलला. मेन रिले, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकत्र करंट देणारा स्विच, उघडून त्यातल्या सगळ्या टाक्यांना नव्यानं कथील दिलं, कारण या वयाच्या गाड्यांत रिलेतलं सोल्डर उन्हाळ्यात तडकतं आणि गरम झाल्यावर गाडी बंद पडते, हे ऐकून होतो. पण रिले रुसला तर चारही सिलिंडर एकदम जायला हवेत. एकच जातोय म्हटल्यावर रिलेकडे बघायचंच कारण नव्हतं. त्या वेळी हे डोक्यात आलं नाही.

मग एक शहाणपणाचं काम केलं. तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात टाकला. घाटात मिसिंग तिसऱ्यालाच राहिलं. म्हणजे इंजेक्टर निर्दोष. राहिली वायरिंग. मल्टिमीटर काढला, चावी ऑन केली, प्रत्येक इंजेक्टरच्या कनेक्टरला व्होल्टेज मोजलं. चारही ठिकाणी १२.३. ‘वायरिंग ओके’ असं वहीत लिहिलं आणि पुढचा महिना वाया घालवला.

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. चावी ऑन असून इंजिन बंद असतं तेव्हा इंजेक्टरमधून करंट वाहतच नाही. ईसीयू इंजेक्टरची अर्थची बाजू जोडतो-तोडतो, आणि इंजिन फिरत नसताना ती तुटलेलीच असते. करंट नसेल तर रेझिस्टरवर आणि सैल सांध्यावर व्होल्टेज पडणार कुठून? नळ बंद असताना पाइपात अर्धा कचरा अडकलेला असला तरी दाबाचा काटा पूर्ण दाब दाखवतो, तसलाच प्रकार. तोटी सोडली की धार करंगळीएवढी. मीटरवरचे १२.३ व्होल्ट म्हणजे तार कुठेतरी टेकलेली आहे, एवढंच. ती एक-दीड अँपिअर वाहून नेईल का, याचं उत्तर त्यात नाही.

ब्रेकच्या बल्बची टेस्ट

हे उत्तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळालं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. स्टँडअलोन ईसीयू त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल. त्यांनी फक्त विचारलं, “घाटात किती अँप जातोय ह्येच्यातनं?” मी म्हटलं, मोजला नाही. “मग हितं घाट करूया की,” म्हणाले आणि ब्रेक लाइटचे चार बल्ब आणायला पोराला पिटाळलं.

टेस्ट अशी. १२ व्होल्ट २१ वॅटचे चार बल्ब होल्डरसकट घ्यायचे. इंजेक्टरचे चारही कनेक्टर काढायचे. प्रत्येक कनेक्टरच्या प्लस पिनवरून, म्हणजे रेझिस्टर ओलांडून आलेल्या वायरीवरून, एक बल्ब थेट बॉडी अर्थला जोडायचा. चावी ऑन. पेट्रोल पंप दोन-चार सेकंद घुमून गप्प होतो, तसं झालं नाही तर पंपाचा फ्यूज काढून ठेवा. चारही बल्ब मंद पिवळे लागतात, कारण निम्म्याहून जास्त व्होल्टेज रेझिस्टर खातो. ६.८ ओहमच्या रेझिस्टरबरोबर साधारण १.१ अँपिअर वाहतो आणि रेझिस्टरमध्ये ८ वॅट उष्णता तयार होते. घाटात होते त्याहून थोडी जास्तच. गाडी जागेवर, इंजिन थंड, आणि रेझिस्टर मात्र करूळ घाटात.

पहिल्यांदा चारही बल्ब सारखे दिसले. अण्णा तंबाखू मळत बसले. सहाव्या-सातव्या मिनिटाला तिसरा बल्ब एकदा लुकलुकला. नवव्या मिनिटाला गेला. अण्णांनी पक्कडीच्या टोकानं रेझिस्टरच्या गठ्ठ्याला टिचकी मारली. लागला. पुन्हा गेला.

“घाट सापडला तुमचा,” म्हणाले.

बल्ब नसतील तर गाडी चालवून बघायचा दुसरा मार्ग आहे: तिसऱ्याचा रेझिस्टर पहिल्याला आणि पहिल्याचा तिसऱ्याला जोडा. मिसिंग रेझिस्टरबरोबर सरकलं तर चोर सापडला. पण त्यासाठी पुन्हा घाट चढावा लागतो. बल्ब मला त्यामुळेच आवडतो, थोडक्या पैशांत काम होतं.

गठ्ठा उघडल्यावर

मी केलं होतं ते असं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १० वॅटचे पांढरे सिमेंटचे रेझिस्टर आणले होते, ६.८ ओहम, चार नग. विटा रचाव्यात तसे एकाला एक चिकटवले, झिपटायनं बांधले, तारांना सोल्डर मारलं, पावसाचं पाणी लागू नये म्हणून वरून काळी टेप गुंडाळली आणि तो गठ्ठा बॅटरीच्या प्लास्टिकच्या ट्रेला अडकवला. दिसायला नीटनेटका. स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

टेप सोलली तर आतला डिंक करपून काकवीसारखा झालेला. झिपटाय चपटा होऊन सिमेंटला चिकटलेला. बॅटरीच्या ट्रेवर आंगठ्याएवढा खळगा. आणि तिसऱ्या रेझिस्टरच्या पायाशी सोल्डर राखाडी, रवाळ, त्याभोवती केसाएवढी गोल चीर. नखानं हलवलं तर तार बाहुलीच्या हातासारखी फिरली.

साधं ६०-४० कथील १८३ अंशांपासून मऊ व्हायला लागतं. सिमेंटचा रेझिस्टर पूर्ण वॅटवर चालवला तर त्याचा पृष्ठभाग सहज २०० च्या पुढे जातो आणि ती उष्णता त्याच्या पायांतून पहिल्यांदा सोल्डरलाच भेटते. सांधा मऊ होतो, इंजिन हलवतं, थंड होताना तो पुन्हा धरतो, पण दर वेळी थोडा कमी. शेवटी थंडीत टेकलेला आणि गरमीत सुटलेला, असा सांधा तयार होतो. चहा पिऊन येईपर्यंत बरा होणारा.

आता आकडे. ते कंटाळवाणे आहेत, पण सगळी गोम त्यांतच आहे.

माझा इंजेक्टर २.५ ओहमचा. त्याला ६.८ जोडले की एकूण ९.३. चालू गाडीत १४ व्होल्ट धरले तर करंट दीड अँपिअर. इंजेक्टर उघडा असेल तेवढा वेळ रेझिस्टरमध्ये साधारण १५ वॅट जळतात. पण इंजेक्टर सतत उघडा नसतो. आयडलला, ८०० आरपीएमवर, एक पूर्ण चक्र (इंजिनाचे दोन फेरे) १५० मिलिसेकंदांचं, त्यात इंजेक्टर जेमतेम अडीच मिलिसेकंद उघडतो. सरासरी पाव वॅट. हात लावला तर रेझिस्टर थंडगार. गॅरेजवाल्याला काही सापडत नाही ते यामुळे. घाटात साडेतीन हजार आरपीएम, टर्बोचा दाब, चक्र ३४ मिलिसेकंदांचं, त्यातले १२ उघडे: पाच-साडेपाच वॅट. साडेसहा हजारांवर पाय दाबून धरला तर १८ पैकी १४ उघडे, म्हणजे एका रेझिस्टरमध्ये पावणेबारा वॅट. १० वॅटच्या रेझिस्टरमध्ये.

शिवाय ते १० वॅट मोकळ्या, बेताच्या गरम हवेत. बॉनेटखाली ७०-८० अंशांत, शेजाऱ्याला चिकटून, टेपच्या गोधडीत गुंडाळलेल्या रेझिस्टरचे तेवढे उरत नाहीत. मधले दोन, म्हणजे दुसरा आणि तिसरा, यांना तर हवाच नाही. तिसरा आधी गेला. दुसरा पुढच्या मे महिन्यात गेला असता.

पण रेझिस्टर लागतोच कशाला?

थोडक्यात सांगतो. हाय इंपिडन्स इंजेक्टर १२ ते १६ ओहमचा असतो, १४ व्होल्टला एक-सव्वा अँपिअर घेतो, ईसीयूतला साधा ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, तेवढा सहज पेलतो. लो इंपिडन्स इंजेक्टर २-३ ओहमचा. त्याला पीक अँड होल्ड प्रकारचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे उघडताना चारेक अँपिअरचा धक्का आणि उघडल्यावर एखाद्या अँपिअरवर धरून ठेवणारा. साध्या ड्रायव्हरवर तो तसाच जोडला तर साडेपाच अँपिअर खेचतो आणि ट्रान्झिस्टर जळतो. ट्रान्झिस्टर अनेकदा जळताना शॉर्ट होऊन बसतो, म्हणजे इंजेक्टर कायमचा उघडा. चावी ऑन केली की पेट्रोल सिलिंडरमध्ये धो धो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर स्टार्टर मारू नका, आधी प्लग काढा. पेट्रोल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

माझे इंजेक्टर १९९० च्या दशकातल्या मित्सुबिशीच्या टर्बो ४जी६३ इंजिनावरचे. शारजाच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून मावसभावानं आणले, म्हणून घेतले. त्या गाड्यांत कंपनीनंच रेझिस्टर पॅक दिलेला असायचा, प्रत्येक इंजेक्टरला सहाएक ओहम. भावानं इंजेक्टर आणले, पॅक तिथेच राहिला. त्या काळातल्या बऱ्याच जपानी टर्बो गाड्यांत असा ॲल्युमिनियमचा पंखेदार डबा फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर) किंवा मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर दिसतो. कुठे मिळाला तर डोळे झाकून घ्या. ओळखायची खूण अशी: एक पिन सामाईक, चार पिना वेगळ्या. सामाईक आणि कुठलीही दुसरी यांत सहाएक ओहम, दोन वेगळ्या पिनांमध्ये त्याच्या दुप्पट. एखादी जोडी वेगळं काही दाखवत असेल तर तो डबा ठेवून द्या.

तुम्ही अजून इंजेक्टर घेतलेच नसतील तर माझं सरळ मत: हाय इंपिडन्सचे घ्या आणि हे सगळं वाचायचं सोडून द्या. आता मोठ्या मापाचे, चांगली फवार देणारे हाय इंपिडन्स इंजेक्टर मिळतात. रेझिस्टर ही हातात आधीच लो इंपिडन्स असलेल्यांची तडजोड आहे. आमच्यासारख्यांची.

(जाता जाता: कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. आरसी बुक आणि आरटीओ हा ज्याचा त्यानं निस्तरायचा विषय. मी काही कुणाला टर्बो लावा म्हणत नाही.)

नवीन रेझिस्टर

सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातले वायरवाउंड रेझिस्टर घ्या, दोन्ही बाजूंना स्क्रूची भोकं असलेले. ५० वॅटचे, ६.८ ओहम. तुमच्या ईसीयूच्या पुस्तकात एका चॅनेलची, म्हणजे एका इंजेक्टरच्या वायरीची, करंटची मर्यादा बघा. माझ्याची दोन अँपिअर होती म्हणून ६.८ चाललं. एकच अँपिअर लिहिलं असेल तर १२ घ्या. उगाच सुरक्षित म्हणून २०-२२ ओहम टाकू नका. जास्त ओहम म्हणजे इंजेक्टर उघडायला आळशी, आणि बॅटरी उतरलेल्या थंड सकाळी तो उघडेलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या सोनेरी रेझिस्टरवर छापलेले ५० वॅट हे तो ठरावीक मापाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर, पेस्ट लावून, घट्ट बसवला तरचे आहेत. हवेत लोंबकळत ठेवला तर निम्मेही मिळत नाहीत. कितीतरी गाड्यांत हे रेझिस्टर वायरिंगच्या जुडग्याला झिपटायनं बांधलेले पाहिलेत. पैसे सोनेरी रेझिस्टरचे, काम सिमेंटचं.

मी उद्यमनगरातल्याच एका भंगाराच्या ढिगातून ४ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा शोधला, १५० बाय १०० मिलिमीटर. आधी कशाचं तरी झाकण असावं. दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं घासून सपाट केल्या. चार रेझिस्टर एकाखाली एक, मध्ये बोटभर जागा सोडून. प्रत्येकाच्या बुडाला कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात ती पांढरी पेस्ट, भाकरीवर तूप चोपडतो तशी नाही, आरपार दिसेल इतकी पातळ. भेग भरायला पेस्ट आहे, थर द्यायला नाही. स्क्रू स्टीलचे, खाली स्प्रिंग वॉशर. आतल्या बाजूला नायलॉनचं कडं असलेले नट इथे टाळलेले बरे, उष्णतेनं ते कडं ढिलं पडतं.

जागा शोधायला मात्र अख्खा रविवार गेला. टर्बो आणि एक्झॉस्ट पुढे, म्हणून तिकडची बाजू बाद. ब्रेक फ्लुइडच्या डबीजवळ नको. फायरवॉल ऐटीत दिसते, पण माझ्या गाडीत तिथे हवाच खेळत नाही, आणि पलीकडे कार्पेटचा नमदा चिकटवलेला असतो. बॅटरीजवळ पुन्हा? नाही, एकदा ट्रे वितळवून झालाय. शेवटी डाव्या हेडलाइटच्या मागे मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर बसवला. ग्रिलमधून आलेली हवा तिथून जाते. प्लेट पत्र्याला थेट चिकटवली नाही, १० मिलिमीटरच्या धातूच्या नळ्या मध्ये घातल्या, म्हणजे मागूनही हवा लागते आणि तिथे चिखल-पाणी साचून गंज धरत नाही. प्लेट उभी ठेवली. आडवी ठेवली तर तिच्यावर पाण्याचं तळं होतं, आणि आमच्याकडे गगनबावड्याचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. कुणी केबिनमध्ये डॅशबोर्डखाली रेझिस्टर ठेवायचं म्हणत असेल, पाणी लागत नाही म्हणून, तर त्याला कार्पेट आणि वायरी जळाल्याचा वास कसा असतो ते विचारा.

वायर जोडताना रेझिस्टरच्या कानांना, म्हणजे दोन टोकांच्या भोकवाल्या पट्ट्यांना, सोल्डर अजिबात नाही. वायरीचं टोक कानाच्या भोकातून ओढून गुंडाळायचं आणि वर कथील थापायचं, हा रेडिओवाल्यांचा रिवाज. इथे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची कडी. तांब्याचं, उघडं, चांगल्या पकडीनं दाबलेलं थिंबल कानाला छोट्या स्क्रूनं कसून बसवायचं. निळ्या-लाल प्लास्टिकचं थिंबल असेल तर प्लास्टिक काढून टाका. त्यावर फायबर ग्लासची स्लीव्ह, जी प्रेस-इस्त्रीच्या वायरीवर आणि गिझरच्या कॉइलजवळ असते ती. साधी हीट श्रिंक स्लीव्ह कानाजवळ नको. वायर प्लेटपासून निघताना आधी खाली जाऊन मग वर वळली पाहिजे, म्हणजे पाणी वायरीवरून रेझिस्टरकडे न जाता लोंबत्या वळशावरून टपकतं.

जोडल्यावर लगेच एक मोजमाप: चारही रेझिस्टरच्या कानांपासून प्लेटपर्यंत ओहम. मीटर गप्प राहिला पाहिजे. स्क्रू कसताना एखादा धातूचा कीस कवचात गेला असेल तर तो इथेच कळतो. नाही तर पहिल्या चावीला फ्यूज सांगतोच.

चार इंजेक्टर, चार रेझिस्टर

सर्किट साधं आहे. मेन रिलेकडून येणारी सामाईक प्लस वायर, तिला १० अँपिअरचा फ्यूज. तिथून चार फाटे, प्रत्येक फाट्यावर एक रेझिस्टर, रेझिस्टरपासून इंजेक्टर, इंजेक्टरपासून ईसीयू. चारही एकाच वेळी उघडे असले तरी सहा अँपिअरच, म्हणून १० पुरतो.

हे लिहायचं कारण, आमच्या ओळखीच्या एका गाडीत सामाईक वायरीवर एकच मोठा रेझिस्टर टाकला होता. “एक काय, चार काय, ओहम तेच” असा हिशेब. गाडी आयडलला उत्तम, गावात उत्तम. जोर लावला की मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडून, ठणठण वाजायची. कारण सांगतो. चार सिलिंडरची पाळी आळीपाळीनं येते. प्रत्येक इंजेक्टर चक्राच्या पाव भागापेक्षा कमी वेळ उघडा असेल, तोवर एकाचं काम संपल्यावर दुसऱ्याचं सुरू होतं आणि अख्खा करंट एकट्याला मिळतो. पाव भाग ओलांडला की दोघं एकाच वेळी उघडे, रेझिस्टर एकच. दोघांना मिळून पावणेदोन अँपिअर, म्हणजे प्रत्येकी नऊ दशांशही नाही. तिघं उघडे असतील तर प्रत्येकी सहा दशांश. इंजेक्टर उशिरा उघडतो, कधी अर्धवट उघडतो, आणि हे नेमकं टर्बो दाब देत असताना, म्हणजे पेट्रोल सर्वांत जास्त हवं असताना. पिस्टनला भोक पडायची ही सोपी कृती आहे. त्या गाडीचं पडलं नाही, नशीब.

रेझिस्टर बदलल्यावर आयडल बिघडला तर

माझाही बिघडला. जुन्या गठ्ठ्यातल्या सैल सांध्यांसकट ट्यून केलेली गाडी होती ना. इंजेक्टरला करंट मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत थोडा वेळ लागतो, त्याला डेड टाइम म्हणतात. रेझिस्टरमुळे हा वेळ पीक अँड होल्डपेक्षा लांबतो, आणि व्होल्टेज कमी झालं की आणखी लांबतो. इंटरनेटवर त्या इंजेक्टरचे जे आकडे मिळतात ते बहुधा पीक अँड होल्डवर मोजलेले असतात, ते तसेच भरले की गडबड होते.

आयडलला इंजेक्टर दोन-अडीच मिलिसेकंद उघडतो. त्यात तीन दशांश मिलिसेकंदांची चूक म्हणजे बारा-पंधरा टक्के पेट्रोल इकडचं तिकडे. वरच्या आरपीएमला तीच चूक दिसतही नाही. घरच्या घरी पकडायची युक्ती: गाडी पूर्ण गरम करा, आयडलला ठेवा, एअर-फ्युएल मीटरवर नजर ठेवा आणि हेडलाइट, मागची काच गरम करणारी तार, ब्लोअर, सगळं एकदम चालू करा. व्होल्टेज १४ वरून १३ च्या खाली घसरताना मिश्रण पातळ होत असेल तर ईसीयूत त्या व्होल्टेजचा डेड टाइम वाढवा. घट्ट होत असेल तर कमी करा. एसी लावू नका, त्यानं इंजिनावरचा लोडच बदलतो आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही. माझे दोन संध्याकाळचे तास गेले, आयडल मग सुतासारखा सरळ.

आता काय अवस्था आहे

बल्बची टेस्ट नव्या प्लेटवर पुन्हा केली, या वेळी अर्धा तास. चारही बल्ब जसेच्या तसे. मग करूळ घाट, एप्रिलच्या दुपारी दोन वाजता. वर पोचल्या पोचल्या बॉनेट उघडून प्लेटवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तर ४६ अंश. विश्वास बसला नाही, बोट लावलं आणि चटका बसला. चकचकीत ॲल्युमिनियमवर हा थर्मामीटर खोटं बोलतो, समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब मोजतो. प्लेटच्या कोपऱ्यात काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका मारून ठेवलाय, तिथे धरला तर खरा आकडा येतो: ८० च्या आसपास. एवढ्याला रेझिस्टरलाही काही होत नाही, थिंबललाही नाही.

दर पावसाळ्यानंतर थिंबलचे स्क्रू एकदा कसतो, कानांवरची हिरवी बुरशी ब्रशनं साफ करतो, आणि प्रत्येक फाट्याचे ओहम वहीत लिहितो. गेल्या दोन वर्षांत एकाही फाट्यात दशांशाचा फरक नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेवरचे जुने सिमेंटचे रेझिस्टर अण्णांनी मागून घेतले. दुकानात बॅटरी चार्जरचा करंट कमी करायला लावलेत, पत्र्यावर, मोकळ्या हवेत.